टाळू ते टाच

सकाळी साडेसहा

पंखा बंद. एप्रिलच्या पुण्यात पंखा बंद करून बसायचं म्हणजे घरच्यांची बोलणी खायची, पण या कामात धुळीइतका मोठा वैरी नाही. कातडीच्या रंगाचा पॉलिमर क्ले हवेत तरंगणारं काहीही पकडतो. सतरंजीचा धागा, मांजराचा केस, देवापुढच्या उदबत्तीची राख, सगळं बाळाच्या गालावर येऊन बसतं आणि एकदा आत दाबलं गेलं की सुईनं उपसावं लागतं. म्हणून अंगात धुऊन धुऊन विरलेला पांढरा सुती कुर्ता, केस रुमालात घट्ट आणि हात कोपरापर्यंत धुतलेले. लाल ओढणीला या खोलीत मज्जाव.

टेबलावर स्वयंपाकघराच्या कामातून उरलेली पांढरी टाइल. ती आधी ओल्या फडक्यानं, मग स्पिरिटनं पुसायची. पॉलिश केलेल्या लाकडावर कच्चा क्ले थेट ठेवला तर त्यातलं तेलकट द्रव्य पॉलिशला लागतं आणि डाग कायमचा राहतो. डब्यांचंही तसंच. डबा उलटा करून तळाचा त्रिकोण बघायचा. आत ५ हा आकडा असेल तर क्ले खुशाल ठेवावा. ६ असेल तर नको. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि क्लेच्या संगतीत त्याचा तळ हळूहळू चिकट होत जातो.

आजचं काम ठरलेलं आहे. सव्वा महिन्याचं बाळ, खऱ्याच्या एक चतुर्थांश. त्या वयाचं मूल साधारण ५६ सेंटिमीटर लांब असतं, म्हणजे बाहुली १४ सेंटिमीटरची. डोकं, कोपरापर्यंतचे हात आणि गुडघ्यापर्यंतचे पाय क्लेचे. धड मलमलीचं, शिवून भरलेलं. अख्खं शरीर क्लेचं करणारे कलाकार असतात. ईमेलच्या जमान्यात फिरणारे ते फोटो काहींना आठवत असतील: तळहातावर मावणारी तान्ही बाळं, आणि सोबत ‘ही मार्झिपॅनची मिठाई आहे’ असा मजकूर. मिठाई नव्हतीच ती. कॅनडातल्या कॅमिल ॲलन या शिल्पकर्तीनं पॉलिमर क्लेतून घडवलेली बाळं होती. नवशिक्यानं ते फोटो जरूर बघावेत, थक्क व्हावं आणि मग मुकाट्यानं मलमलीचं धड बेतायला घ्यावं.

सात

पाकिटातून निघालेला क्ले कडक असतो, थोडा भुगभुशीतही. तोडायचा, दाबायचा, लांबवायचा, घडी घालायची, पुन्हा दाबायचा. पोळीच्या कणकेइतका एकजीव झाला की पुरे. ज्यांच्याकडे पास्ता मशीन आहे ते त्याच्या रुळांतून काढत बसतात. माझ्याकडे जाड काचेची बाटली आहे. घरचं पोळपाट-लाटणं चालत नाही, कारण क्लेला लागलेली वस्तू पुन्हा अन्नाला लावायची नसते. घडी घातल्यावर दुमडलेल्या बाजूकडून लाटायला घ्यायचं, म्हणजे हवा समोरच्या उघड्या कडेनं बाहेर पडते. आत अडकलेला बुडबुडा ओव्हनमध्ये फुगतो आणि बाळाच्या कपाळावर टेंगूळ येतं.

याला क्ले म्हणतात खरं, पण मातीशी याचं काही नातं नाही. पीव्हीसीचे अतिसूक्ष्म कण, त्यांना सैल ठेवणारा प्लास्टिसायझर, थोडी भर आणि रंग. पाण्याचा थेंब नाही, म्हणून हवेत वाळतही नाही. उष्णता मिळाली की ते कण प्लास्टिसायझर शोषून घेतात, एकमेकांत मिसळतात आणि एकसंध होतात. शाडूच्या गणपतीवर हात बसलेली माणसं इथं सवयीनं पाण्याचा हात फिरवायला जातात. त्यानं काहीच साधत नाही, फक्त क्ले निसरडा होतो.

बाहुल्यांशी मात्र याचं नातं जन्मापासूनचं. केथे क्रूझ ही जर्मन बाई. १९०५ साली तिच्या थोरल्या मुलीला बाहुली हवी होती. नवरा माक्स क्रूझ शिल्पकार. त्याला दुकानातल्या बाहुल्या डोळ्यांसमोर नको असत. विकत आणणार नाही, तुमची तुम्ही करा, असं त्यानं कळवून टाकलं. केथेनं टॉवेलमध्ये वाळू भरली, डोक्याच्या जागी बटाटा बांधला, आणि त्यातून पुढं जगभर नाव झालेला बाहुल्यांचा कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कच्च्या मालाची ओढाताण झाली, तेव्हा डोकी घडवण्यासाठी म्हणून प्लास्टिकच्या जातीचा एक लगदा तिच्या हाती आला. कारखान्याच्या कामाला तो जमेना. तिची मुलगी सोफी, घरातली फिफी, त्याच्याशी खटपट करत राहिली आणि ‘फिमोइक’ या नावानं तो विकू लागली. १९६४ साली एबरहार्ड फाबर कंपनीनं तो तिच्याकडून घेतला आणि १९६६मध्ये ‘फिमो’ बाजारात आला. तिकडं अमेरिकेत साधारण त्याच दशकात ‘स्कल्पी’ निघाला, तो तर विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता बाहेर काढण्यासाठी. त्या कामी नापास झाला. दोन्हीकडं कारखान्यानं नाकारलेला माल कुणीतरी चाळा म्हणून हातात घेतला, म्हणून आज माझ्या टाइलवर हा गोळा आहे.

पावणेआठ

रंग. ‘कातडीचा रंग’ म्हणून मिळणारा क्ले गुलाबी किंवा फिकट बदामी असतो. तो कुणाच्या कातडीचा, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. आपल्याकडच्या बाळासाठी त्यात गेरूचा आणि चॉकलेटी क्लेचा अंश घालावा लागतो, शिवाय पारदर्शक क्ले, म्हणजे भाजल्यावर कातडी रंग फासल्यासारखी मुर्दाड दिसत नाही. भाजल्यावर रंग थोडा गडद होतो, म्हणून आधी वाटाण्याएवढी गोळी भाजून बघायची. ती काल रात्रीच भाजून ठेवली आहे.

सासूबाई चहा घेऊन आल्या, गोळा उजेडात धरून बघितला आणि म्हणाल्या, “अंग ठीक आहे, पण कानाची वरची कड जरा काळसर ठेव. नखाच्या मुळाशीपण.”

“का, आई?”

“तिथं कळतो ना खरा रंग. अंगाचा काय, महिन्याभरात बदलतो.”

नवं मूल बघायला आलेल्या बायका आधी कान का चाचपतात, ते मी माहेरीही बघितलं होतं. त्या चाचपण्यामागं गोरेपणाची जी हाव असते तिच्याबद्दल माझं आणि आईंचं कधीच जमणार नाही. पण निरीक्षण म्हणून ते चोख आहे. नवजात बाळाच्या कातडीत पुढं उतरणारा रंग कानाच्या कडेवर आणि नखांच्या मुळाशी लवकर दिसतो. दोन वाटाण्यांएवढा गोळा गडद करून वेगळा काढला.

साडेआठ

खालच्या मजल्यावरच्यांची लेक बाळंतपणाला आली आहे. मालिशच्या मावशी रोज याच वेळेला येतात, आणि बाळाच्या आजीनं मला बघायला बसायची परवानगी दिली आहे. चित्रकलेच्या कॉलेजात समोर मॉडेल बसवतात; माझं मॉडेल तेलात माखलेलं आणि ओरडत असतं.

मावशी पाय लांब करून बसतात, बाळाला पोटऱ्यांवर घेतात. आधी उताणं, मग पालथं. मी वहीत फक्त तीन-चार गोष्टी टिपते. मान नाहीच, हनुवटी थेट छातीवर टेकते. बाजूनं बघितलं तर चेहरा जेवढा उंच, त्याहून डोकं मागं खोल. हात खाली सोडले तर बोटं जेमतेम मांडीच्या सुरुवातीला पोचतात, आणि डोक्यावर ताणले तर टाळूच्या थोडे वर. आपले हात डोक्यावरून कोपरात वळून पलीकडचा कान धरतात, बाळाला ते जमत नाही. डोकं छातीपेक्षा काकणभर मोठं. पाय धनुकली, तळवे आत वळलेले, एकमेकांकडं बघणारे.

“ताई, पोराला बघायला आला का मोजायला?” मावशी मान वर न करता म्हणाल्या.

“दोन्ही. मावशी, याच्या मांडीला वळ्या कशा नाहीत?”

“आता कुठल्या? तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बघा. आत्ता नुस्ती कातडी सैल.”

हे वाक्य मला सोन्याच्या मोलाचं. नवशिके बाळ घडवतात तेव्हा वयं एकात एक मिसळतात: नवजात बाळाची मिटलेली मूठ, चार महिन्यांच्या मांडीवरच्या वळ्या आणि वर्षाच्या मुलाचं हसू. प्रत्येक तुकडा सुबक असतो, आणि एकत्र जोडल्यावर ते कुठलंच बाळ नसतं. सव्वा महिना ठरला की सव्वाच महिना. मनगटावर एक पुसट घडी, मांडीवर एखादी. ओठ नुकते हसायला शिकताहेत, पण झोपेत.

मावशींनी नाकाच्या मुळापासून चिमटीनं खाली दोनदा निरपलं. नाक ओढून सरळ होत नाही, असं बालरोगतज्ज्ञ कधीचे सांगताहेत, आणि त्यांचंच ऐकावं. मी बघत होते ती चिमटीची जागा. अंगठा दोन डोळ्यांच्या मध्ये जाऊन बसला आणि बुडाला. नाकाचा पूल असा नसतोच तिथं. खोलगट सपाटी असते, आणि एकदम खाली शेंड्याचा गोळा.

दहा

अल्युमिनियम फॉइल चुरगाळून अंड्याच्या आकाराचा घट्ट गाभा करायचा, साधारण दोन सेंटिमीटरचा. डोकं सगळं क्लेचं भरीव केलं तर बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. गाभ्यावर अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर सगळीकडं सारखा बसला की भाजणीचा हिशेबही सोपा होतो. पूर्ण झालेल्या डोक्याचा घेर साडेनऊ सेंटिमीटर यायला हवा, कारण खऱ्या बाळाचा अडतीसच्या आसपास असतो.

मग डोळे. आमच्याकडं मूर्तिकार गणपतीच्या डोळ्यांची आखणी अगदी शेवटी करतात, आणि त्यासाठी हातखंडा माणूस वेगळा असतो. इथं डोळे सगळ्यांत आधी. बाळ झोपलेलं असलं तरी. तान्ह्या मुलाचं बुबुळासकट नेत्रगोल जेमतेम १७ मिलिमीटरचं, म्हणजे चतुर्थांश मापात चार-साडेचार मिलिमीटरचा मणी. काचेचा घ्यायचा, प्लास्टिकचा ओव्हनमध्ये वितळतो. दोन खळगे पाडून मणी अर्धे बुडवले आणि वरून क्लेची पातळ चकती पापणी म्हणून घातली की आत काहीतरी असल्याचा फुगवटा आपोआप येतो. मणी न घालता नुसती रेघ ओढली तर मिटलेला डोळा दिसत नाही, रेघच दिसते.

साडेदहा ते पाऊण

दिवसाचा गाभा हाच. बाकी सगळं हातानं होतं, हे डोळ्यांनी करावं लागतं.

माझ्या हाताला चेहरा माहीत आहे, पण तो मोठ्या माणसाचा. तीस-चाळीस वर्षं आरशात, बसमध्ये, लग्नांत बघितलेला. त्याला मोकळं सोडलं की तो तोच घडवतो, फक्त लहान आकारात. दोन हाडांचे गाल, मधे कणा असलेलं नाक, ठरलेली हनुवटी. मग आपण त्यात बाळपण आणायला म्हणून बारकावे भरतो: पापण्यांचे केस, ओठांच्या चिरा, कपाळावरच्या आठ्या. प्रत्येक बारकाव्यासरशी बाळ दहा वर्षांनी म्हातारं होतं. युरोपातल्या मध्ययुगीन चित्रांत मेरीच्या मांडीवर टक्कल पडलेले, गंभीर मुद्रेचे बाळ येशू बसलेले असतात, ते चित्रकारांनी हेतूनंही तसे काढले असतील; माझ्या टाइलवर मात्र ते बिनहेतूचे जन्माला येतात.

बाळपण बारकाव्यात नसतं, प्रमाणात असतं. कोनराड लोरेन्झ या प्राणिवर्तन-अभ्यासकानं १९४३ साली याची यादीच मांडली होती: शरीराच्या मानानं मोठं डोकं, पुढं आलेलं भरदार कपाळ, चेहऱ्याच्या मध्यरेषेखाली बसलेले मोठे डोळे, फुगीर गाल, आखूड जाड हातपाय. ही लक्षणं दिसली की माणसाला माया दाटते, मग ते मूल असो, पिल्लू असो की कार्टून. स्टीफन जे गूल्ड यांनी १९७९ साली मिकी माउसवर लेख लिहून दाखवलं की पन्नास वर्षांत मिकीचं डोकं आणि डोळे मोठे होत गेले. चित्रकार त्याला उलट्या दिशेनं वाढवत होते. मला लोरेन्झची यादी पाठ आहे. बोटांना ती अजून पाठ व्हायची आहे.

म्हणून क्रम. टाळूपासून हनुवटीपर्यंत उभी रेघ, मग आडवी मध्यरेषा. मण्यांची जागा तिच्याखाली. दोन डोळ्यांच्या मधे एका डोळ्याएवढं अंतर. कानाची वरची कड डोळ्याच्या कोपऱ्याच्या रेषेत. गालांसाठी दोन सपाट गोळ्या, आणि त्या डोळ्यांखाली नाही लावायच्या, तोंडाच्या दोन बाजूंना, जबड्यावर लोंबतील अशा. दूध ओढायला लागणारी चरबी तिथं असते. नाकाला मसुराच्या निम्मा गोळा. वरच्या ओठाच्या मधोमध दूध ओढून ओढून आलेला छोटा फोड, तो सुईच्या बोथट टोकानं. हनुवटी मागं. हनुवटीखाली आणखी एक, मऊ.

साडेअकराला आई डोकावल्या. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला.

“हा कोण? आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी?”

“अहो आई, अजून व्हायचाय.”

“होईल गं. पण याला कपाळ कुठंय? बाळाला निम्मं तर कपाळच असतं. तीट कुठं लावायची?”

कच्च्या क्लेची खरी मेहेरबानी इथं कळते. दगडात हे ऐकून घ्यायची सोय नसते. पात्यानं हनुवटीखालची पातळ चकती काढली, तीच कपाळाच्या वर, केसांच्या रेषेपाशी चढवली, बोटानं एकजीव केली. चेहरा तोच, डोळे, नाक, ओठ जागच्या जागी. पण मध्यरेषा वर सरकली आणि ते सगळे तिच्याखाली गेले. सेक्रेटरी उठून गेले.

यानंतरचा तास मी काही वाढवत नाही, पुसत राहते. रबरी टोकाच्या कोरणीनं नाकपुडीची कडा बोथट कर, पापणीचा वरचा काठ गालात विरघळव, ओठांच्या कोपऱ्याला एक खळगा. बाळाच्या चेहऱ्यावर धारदार कड एकही नसते. काही काही वेळा मी गोळा आरशात बघते. उलट्या प्रतिमेत डावा-उजवा फरक लगेच उघडा पडतो, आणि सकाळपासून ज्या चेहऱ्याला डोळे सरावलेत तो परका दिसायला लागतो.

एक

जेवण. डोक्यावर स्टीलचं पातेलं पालथं घालायचं आणि उठायचं. शाडू असता तर ओलं फडकं, मधेमधे पाणी, सगळं बघावं लागलं असतं. हा तसाच राहतो, उद्यापर्यंत, आठवड्यापर्यंत. हात साबणानं दोनदा धुवायचे, मग ताट. आज आमटी-भात.

दोन

हात. ज्याला बाहुल्यांचं काम येतं की नाही बघायचं, त्याच्या बाहुलीचे हात बघावेत. चेहऱ्यावर दैवयोगानं काही बरं उतरू शकतं, हातात दैव चालत नाही.

क्लेची कांडी, एक टोक चपटं. तो तळहात. बारीक कात्रीनं तीन छेद दिले की चार बोटं सुटी होतात. अंगठा वेगळा, तळहाताच्या बाजूनं मागाहून लावायचा, कारण तो बोटांच्या ओळीत उगवत नाही. प्रत्येक बोट चिमटीत फिरवून गोल करायचं आणि लगेच निम्मं आखूड करायचं. सगळेजण बोटं लांब करतात. बाळाचा तळहात जवळपास चौकोनी, बोटं त्याच्याहून आखूड, आणि बोटांच्या मुळाशी मागच्या बाजूला हाडांचे उंचवटे नसून उलट खळ्या असतात. या मापाला बोटात तार घालता येत नाही. उघडी बोटं भाजल्यावरही ठिसूळ, एखाद्या भाचीच्या पहिल्याच भेटीत मोडायची. म्हणून मूठ. अंगठा आत, चार बोटं वर मिटलेली. सव्वा महिन्याच्या बाळाला शोभतंही तेच.

अडीच-तीनच्या सुमाराला खोली तापते. क्ले बोटाच्या उबेनंच ढिला पडायला लागतो, ठसा टिकत नाही, बोट काढलं की नख सोबत येतं. पुण्यातल्या एप्रिलला याचं सोयरसुतक नाही. दोन्ही हात झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये, दहा मिनिटं. बाहेर काढल्यावर थोडा वेळ तसेच राहू द्यायचे. वर दव धरतं, त्यावर लगेच बोट लावायचं नाही. तेवढ्यात मी गार पाण्याखाली मनगटं धरून उभी राहते. खरं तर हे काम थंडीत शिकायचं. पण शिकायची लहर ऋतू बघून येत नाही.

साडेचार

पाय. हातांपुढं सुट्टी. तळवा सपाट, कमान नाही, टाच गोल आणि अंगठा बाकीच्यांपासून जरा दूर. बोटं छेदायचीही गरज नाही. सुईनं खाचा पाडून ठेवल्या तरी पुरतात. घोट्यापाशी एक घडी. हात आणि पाय दोन्हींच्या वरच्या टोकाला खोल खोबण ठेवायची, म्हणजे धडाची मलमल त्यात दोऱ्यानं आवळून बांधता येते. मानेलाही तशीच.

सव्वापाच

स्पिरिट. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ कुंचला बुडवून, कागदावर टिपून, जवळजवळ कोरडा करून फिरवायचा. बोटांचे ठसे जातात, चिकटलेला तंतू वर येतो. स्पिरिट जास्त झालं की वरचा थर पाणचट होतो आणि भाजताना चिरतो. मोठ्या माणसाचा पुतळा असेल तर याच टप्प्याला जुन्या टूथब्रशनं टोचून रंध्रं दाखवतात. बाळाला रंध्रं दिसत नाहीत, हात आवरायचा. भिंग लावून डोक्याच्या मागपासून कानांच्या मागपर्यंत सगळं बघून झालं, की मग काहीही ‘जरासं नीट’ करायचं नाही. या ‘जराशा’नं गेलेली बाळं पुन्हा गोळा होऊन डब्यात पडलेली आहेत.

सहा

ओव्हन. गुरुवारी आमच्याकडं दुपारी वीज जाते म्हणून भाजणी रविवारी. ओटीजी क्लेसाठी वेगळा नाही आमच्याकडं, म्हणून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भाजायचं आणि त्या वेळी दुसरं काही शिजवायचं नाही. आत खायच्या सोड्याचा जाड थर, त्यावर डोकं मागच्या बाजूनं टेकवलेलं. टाइलवर ठेवलं असतं तर टाळूमागं चपटा चकाकता डाग आला असता. हात-पाय शेजारी. वर फॉइलची सैल तंबूवजा घडी, कारण वरची कॉइल नाक आणि पापण्या आधी करपवते.

तपमान पाकिटावर असतं, आणि ते प्रत्येक बनावटीचं वेगळं. फिमोला ११० अंश सेल्सिअस, अर्धा तास. स्कल्पीला १३०, सहा मिलिमीटर जाडीला पंधरा मिनिटं. कमी तपमानाला जास्त वेळ ठेवून चालत नाही. बाहुली घट्ट दिसते, पण महिन्याभरात बोट दाबताच तुटते. नेमक्या तपमानाला वेळ थोडा जास्त झाला तर उलट बरं. आणि तपमान जास्त झालं तर आधी तपकिरी, मग काळं, मग हायड्रोजन क्लोराइडचा धूर, जो छातीत जातो. ओटीजीच्या गोल बटणावर विश्वास ठेवायचा नसतो. आत लोंबणारा साधा ओव्हन थर्मामीटर, जाळीवर, डब्याच्या शेजारी. बटण १५०वर असताना माझा थर्मामीटर १३० दाखवतो. ती खूण मी पेनानं केली आहे. खिडक्या उघड्या. आता पंखाही लावायचा, अखेर.

चाळीस मिनिटं. या चाळीस मिनिटांत करण्यासारखं काही नसतं, म्हणून मी धड बेतते. जुन्या धोतराची मलमल, दुहेरी. आत कापूस, आणि बुडाशी वजन. केथे क्रूझनं १९२०च्या दशकात वाळू भरून खऱ्या बाळाच्या वजनाच्या बाहुल्या केल्या होत्या. त्यांच्यावर आया आणि नर्सेस बाळ धरायला शिकत. हातात घेतल्यावर डोकं मागं लवंडतं, आणि आपला तळहात आपोआप मानेखाली जातो. माझ्या बाहुलीला वाळूऐवजी मोहरी. बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी ठेवतात तीच. धान्याला कीड लागते म्हणून आईंचा मोहरीला विरोध होता. पिशवी तासभर कडक उन्हात ठेवून त्यांनीच आणून दिली.

पावणेसात

गरम असताना क्ले मऊच असतो. कच्चा राहिला म्हणून पुन्हा ओव्हन लावायची घाई करायची नाही. दार उघडून तसाच ठेवायचा. थंड होता होता तो घट्ट होतो.

साडेसात

खडूचे पेस्टल सँडपेपरवर घासून भुकटी, कोरड्या कुंचल्यानं. गुडघे, मुठीच्या खळ्या, टाचा, नाकाचा शेंडा, कानाची पाळी यांवर तांबूस. सकाळी बाजूला काढलेला गडद रंग कानाच्या कडेला आधीच आहे. पापण्यांवर जांभळट छटा, एवढी पुसट की आहे म्हणून सांगावं लागेल. ओठांना पातळ केलेला ॲक्रिलिक. भुवया आज नाहीत. सव्वा महिन्याच्या बाळाला त्या असून नसल्यासारख्याच. जावळ उद्या-परवा: मोहेरचे तुकडे मागून पुढं, ओळीओळीनं, गोंदानं. विरळ ठेवायचं.

आई टेप घेऊन आल्या. शिवणाच्या डब्यातून त्यांनी खणाचा तुकडा शोधून ठेवला होता, कुंचीसाठी.

“डोक्याचा घेर किती?”

“साडेनऊ सेंटिमीटर.”

“इंचात सांग.”

“पावणेचार.”

“मग सव्वाचार धरते,” त्या म्हणाल्या, आणि खणावर खडूनं खूण करायला लागल्या. “वाढत्या अंगाचं असावं.”